विरळ हवा आणि जुनी टर्बो मोटार

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोलला पैसे मोजावे लागतात म्हणून त्याचा हिशेब आपण ठेवतो. हवा फुकट मिळते, म्हणून ती किती मिळाली हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो. हे शहर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर मोठे शहर वसले आहे अशी कल्पना करावी. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८३ टक्केच असतो. शहराच्या पश्चिमेला मोठा रस्ता रॉकी पर्वतात शिरतो आणि आयसेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरवर पोहोचतो. शिवाय त्या शहरात गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी आहे. अशा ठिकाणी जुनी टर्बो मोटार घेणाऱ्याने ती कशी लावून घ्यावी, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे. टर्बो पेट्रोल गाड्या आता आपल्याकडेही जुन्या बाजारात दिसतात आणि त्यांतल्या काही लडाखच्या घाटांवर चढतात, म्हणून हा विषय अगदीच परका नाही.

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्यावर बसविलेली दोन पात्यांची चाके. एक चाक एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने फिरते, दुसरे बाहेरची हवा दाबून आत कोंबते. या यंत्राचे नाते डोंगराशी फार जुने आहे. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने लिबर्टी नावाचे विमानाचे एंजिन याच कोलोरॅडोतील पाइक्स पीक शिखरावर, ४,३०० मीटर उंचीवर, नेऊन चालविले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन वर नुसते २३० देऊ लागले. टर्बो जोडताच ३५६ पर्यंत गेले. म्हणजे टर्बो हा मुळात विरळ हवेवरचा तोडगा आहे. शर्यतीचा शौक त्याला पुढे चिकटला.

पण हा तोडगा किती लागू पडेल, हे दाब कशाच्या तुलनेत मोजला जातो यावर ठरते. बऱ्याच जुन्या गाड्यांत दाब आवरणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, स्प्रिंगवर चालते आणि ती बाहेरच्या हवेच्या वर किती दाब झाला एवढेच जाणते. समजा, स्प्रिंग ०.७ एककाची आहे. समुद्रकाठी एकूण दाब १.७ होईल, डेन्व्हरला ०.८३ अधिक ०.७, म्हणजे १.५३. घट दहा टक्के. साध्या एंजिनाची घट सतरा टक्के असते, तेव्हा टर्बोवाला तरीही नफ्यातच. पण मालकाला राहवत नाही. तो झडपेचा स्क्रू पिळून गेलेली शक्ती परत मिळवितो आणि काट्यावर ०.८७ दिसू लागले की खूश होतो. पुढे गाडी विकली जाते, नवा मालक ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नेतो. स्क्रू तोच, काटाही तोच. पण आत १.८७ दाब. एंजिन खडखडू लागते, आणि मेस्त्रीने ऐकले नाही तर दट्ट्याचे कडे तुटते. म्हणून जुनी टर्बो गाडी घेताना पहिला प्रश्न तिच्या मैलांचा नसून त्या स्क्रूचा असावा, असे आमचे मत आहे. ज्या गाडीत संगणक एकूण दाब मोजून झडप हलवितो तिला ही भीती कमी. मात्र १.७ दाब गाठायला तिच्या टर्बोला डेन्व्हरला हवा दुपटीहून अधिक दाबावी लागते आणि बोगद्यापाशी अडीचपटीहून अधिक. चाक अधिक वेगाने फिरते, हवा अधिक तापते, आणि ती थंड करणारा इंटरकूलर चेपलेला वा मळलेला असेल तर ते तेथेच उघडकीला येते.

पेट्रोलचीही एक मौज आहे. त्या भागात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ८५ असतो. इतरत्र तो ८७ असतो. (तेथील आकडा दोन पद्धतींची सरासरी असल्यामुळे आपल्या पंपावरच्या आकड्याशी लावून पाहू नये.) साध्या एंजिनात उंचीवर हवा कमी भरते, म्हणून हलके पेट्रोल पूर्वीपासून चालून गेले. टर्बोने ती उणीव भरून काढलेली असते. त्यामुळे ही सवलत त्याला लागू नाही. दोन पैसे वाचवायला ८५ भरणारा टर्बोवाला एंजिनाचे आयुष्य विकून पेट्रोल घेत असतो.

आता धुराची परीक्षा. जुन्या गाड्यांसाठी तेथे जी पद्धत रूढ झाली तीत मोटार रुळांवर चढवून २४० सेकंद चालवितात. वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत जातो. नव्या गाड्यांत संगणकाची नोंद वाचतात. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा मोठा नाजूक प्राणी आहे. हवा-पेट्रोलचे प्रमाण त्या पावणेपंधराच्या अगदी जवळ असेल तरच तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांचा एकदम समाचार घेतो. पेट्रोल जास्त झाले की पहिले दोन सुटतात, हवा जास्त झाली की तिसरा.

ते प्रमाण बिघडते कशाने? बहुतेक वेळा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीने. येणारी हवा आरंभीच मोजून घेणाऱ्या गाडीत टर्बोनंतरची नळी फाटली, तर दाबाच्या वेळी मोजलेली हवा बाहेर निसटते. संगणक मात्र तिच्या वाट्याचे पेट्रोल सोडीतच राहतो आणि धूर काळा होतो. गाडी उभी असताना हेच उलटे घडते. पुढच्या पडद्यानंतरच्या भागात चीर असेल, तर तेथे निर्वात असल्यामुळे न मोजलेली हवा आत शिरते. दोन दिशांचे दोन दोष, कारण एकच. नळ्यांत हलका दाब भरून साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. पंक्चरवाल्याची ही युक्ती लॅपटॉपवरच्या कोणत्याही करामतीआधी करावी. त्यामागून हवा मोजणारी तार, ऑक्सिजन संवेदक, स्पार्क प्लग.

पळवाटा काढणारे तेथेही आहेत. परीक्षेआधी बॅटरीची तार सोडून दोषाची नोंद पुसतात. पण संगणकाने स्वतःच्या चाचण्या पुन्हा पुऱ्या केल्या नसल्या तर यंत्र तसे स्पष्ट दाखविते आणि हेलपाटा पडतो. दुसरे कन्व्हर्टरच काढून टाकतात. अमेरिकेच्या कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि हिवाळ्यात थंड हवेचे झाकण शहरावर बसते तेव्हा तो धूर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या छातीत जातो. आम्हांला यात कौशल्य दिसत नाही.

शक्ती वाढविण्यासाठी संगणकाची लिखावट बदलायचीच असेल, तर ती या सगळ्यानंतर, एकूण दाब धरून आणि चांगल्या पेट्रोलवर करावी. परीक्षेला जाण्यापूर्वी गाडी वीसएक मिनिटे रस्त्यावर पळवावी. कन्व्हर्टर तापल्यावाचून काम करीत नाही, आणि रांगेत एंजिन बंद करून उभे राहिले की तो पुन्हा निवतो.