कळांची सुई: कधी घ्यायची, कधी नाही



बाळंतपण लांबलं की घरात घाई सुरू होते. कुणीतरी म्हणतं, "एक सुई द्या, लवकर मोकळी होईल." या सुईत असतं ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही गोठ्यांत चोरून टोचतात, तेच हे औषध. बाईच्या अंगातही ते आपोआप तयार होतं. त्यानेच कळा वाढतात, दूध उतरतं.

मग वरून दिलं तर बिघडलं कुठं? दोन कळांच्या मध्ये गर्भपिशवी सैल पडते, तेव्हा बाळाला वारेतून नीट रक्त पोचतं. सुईने कळा एकामागून एक येऊ लागल्या की ही उसंत मिळत नाही. बाळ गुदमरू शकतं. पिशवी फाटली तर आईच्याही जिवावर बेततं. आणि एकदा मांडीत टोचलेलं औषध परत काढता येत नाही. म्हणून बाळ जन्मायच्या आधी ही सुई घरी घ्यायची नाही, कुणीही देऊ केली तरी.

दवाखान्यात गरज असेल तर हेच औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात. कळा जास्त झाल्या की थेंब कमी करता येतात, बंदही करता येतात. मात्र बाळाचे ठोके सतत तपासले पाहिजेत आणि वेळ पडली तर सिझर करायची सोय हवी.

बाळ जन्मल्यावर मात्र हीच सुई तारते. लगेच मांडीत 10 युनिट दिली की पिशवी आवळते, रक्त कमी जातं. बाळंतपणात आया दगावतात त्याचं एक मोठं कारण अति रक्तस्राव आहे. जागतिक आरोग्य संघटना ही सुई प्रत्येक बाळंतिणीला द्यायला सांगते. तेव्हा "सुटका झाली, आता सुई कशाला?" असं म्हणू नका.

सोबत जाणाऱ्या बाईने तीन गोष्टी विचाराव्यात: सुई कशाची? आत्ता कशासाठी? बाळाचे ठोके कसे आहेत?

कळा सुरू झाल्या की आशाताईंना कळवा, 108 किंवा 102 ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. गटातल्या ज्या घरात दिवस भरत आलेत, तिथल्या सासूबाईंनाही आवर्जून बोलवा.