ओळखीची खूण

बँकेत खातं उघडताना अंगठा उठवणाऱ्यांच्या अर्जावर एक रकाना असे, ‘ओळखीची खूण’. तीळ, व्रण, जे असेल ते आम्ही लिहून घेत असू. १९९८ साली मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एक शेतमजूर बाई अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मी विचारलं, ‘‘बाई, अंगावर काही खूण आहे का?’’

तिने मुलीकडे पाहिलं. मुलीच्या गालापासून कपाळापर्यंत जांभळट-लाल डाग पसरलेला होता.

‘‘माही खूण हिच्या तोंडावर हाये, साहेब. गिरानात मी भाजी चिरली होती.’’

ते ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. मुलगी एप्रिलमधली. डागापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि अठरा वर्षं ही आई स्वतःला गुन्हेगार समजत होती. मी काय केलं? मान हलवली, तिच्या हातावरचा तीळ रकान्यात लिहिला आणि अंगठा घेतला. आमच्या घरीही ग्रहणात गरोदर सुनेला खोलीत बसवून ठेवत. मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

खरं उत्तर तेव्हा डॉक्टरांकडेही नव्हतं. ते २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना सापडलं. या डागाला ‘पोर्ट वाइन स्टेन’ म्हणतात. हजारात साधारण तीन बाळांना तो असतो. गर्भ घडत असताना एखाद्या पेशीतल्या ‘जीएनएक्यू’ या जनुकात एकाच अक्षराची चूक होते. सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीत एक अक्षर! त्या पेशीपासून पुढे झालेल्या पेशींत ती चूक उतरते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या राहतात आणि त्वचा लाल दिसते. ही चूक आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. डाग असलेली मुलगी आई झाली, तरी सहसा तिच्या बाळाला तो जात नाही.

सगळ्याच जन्मखुणा अशा नसतात. जन्मतः कपाळावर पांढरी बट आणि अंगावर पांढरे पट्टे असतात, तो ‘पायबाल्डिझम’ घराण्यातून येतो. त्यात बहुधा ‘किट’ या जनुकात बदल असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. आपल्याकडे पांढरा डाग दिसला की महारोगाची शंका घेतात. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णसेवा सुरू केली, त्याच आपल्या जिल्ह्यात! कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, तो जन्मतः नसतो आणि औषधाने बरा होतो. जन्मखूण तर कुणाला लागतच नाही.

डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल, तर मात्र बाळाला लवकर डॉक्टरांना दाखवावं. कधी कधी डोळ्यातला दाब वाढतो, फिट्स येतात. लाल डाग लेसरने फिका करता येतो. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. विचारायला लांब जायला नको.

राहून राहून एक गोष्ट मनाला लागते. सातव्या महिन्यात बाळाचा चेहरा घडून झालेला असतो. विळीने त्यावर काही उमटत नाही. एवढं सांगायला जनुकशास्त्राची गरज नव्हती. मी ते त्या आईला सांगितलं नाही. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी आई असेल, तर तुम्ही तिला आजच सांगा.