कंपनी आली म्हणजे तंत्रज्ञान आलं?

गैरसमज: परदेशी कंपनी आली की तंत्रज्ञान आपोआप येतं.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 ऑगस्ट 2024 रोजी रायगड जिल्ह्यातल्या दिघीच्या औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली, तेव्हापासून जवळच्या बोर्ली पंचतनच्या नाक्यावर एकच पालुपद ऐकू येतं: "एकदा परदेशी कंपनी येऊ द्या, मग बघा!" काय बघायचं, ते कोणी सांगत नाही.

वस्तुस्थिती: पैसा येतो, यंत्रं येतात. ज्ञान मात्र शिकावं लागतं. बोर्लीच्या बाजारात माल उतरवणारा 'चारशे सात' टेम्पोच पाहा. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. करार 1969 मध्ये संपला. पण कंपनी तोवर नुसते नट आवळत बसली नव्हती. 1966 मध्येच तिने पुण्यात स्वतःचं संशोधन केंद्र उघडलं होतं. ऐंशीच्या दशकात चार भारतीय कंपन्या टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा यांचा हात धरून हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने 1986 मध्ये स्वतःच्या अभियंत्यांच्या बळावर 407 आणला. त्या चारांपैकी डीसीएम-टोयोटा किंवा ऑलविन-निस्सान हे नाव आज कुठल्या नव्या ट्रकवर दिसतं का?

तेव्हा दिघीत कोण येणार, एवढंच विचारून भागणार नाही. सुटे भाग कोण बनवणार? आराखडे इथे होणार की परदेशात? आयटीआयच्या मुलांना यंत्र नुसतं चालवायला शिकवणार की उघडून दुरुस्त करायलाही? हे विचारा.

असेच आणखी काही गैरसमज: "परदेशी गुंतवणूक म्हणजे देशावरचं कर्ज." नाही. गुंतवणूकदार कंपनीतला हिस्सा विकत घेतो. तोटा झाला तर त्याचेही पैसे बुडतात. नफा झाला तर तो बाहेर नेऊ शकतो.

"सगळा पैसा कारखान्यांत जातो." नाही. केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाच्या आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये देशात आलेल्या परदेशी भागभांडवलापैकी 39 टक्के महाराष्ट्रात आलं. पण क्षेत्रवार पाहिलं, तर देशभरात सर्वांत मोठा, 19 टक्के वाटा सेवा क्षेत्राचा होता.

"परदेशी कंपनी गेली की धंदा बुडतो." नाही. आयबीएम या परदेशी संगणक कंपनीने 1978 मध्ये भारत सोडला. टीसीएस ही भारतीय सॉफ्टवेअर कंपनी मुंबईत 1968 पासून काम करत होती आणि आपला सॉफ्टवेअर उद्योग खरा फोफावला तो आयबीएम गेल्यानंतरच.