अंगणातील पर्पल मार्टिन वसाहती आणि स्टारलिंगचे आक्रमण : प्रवेशद्वाराच्या मापाचा प्रश्न

प्रस्तावना :

पर्पल मार्टिन (प्रॉग्ने सुबिस) हा उत्तर अमेरिकेत आढळणारा, भिंगरीच्या कुळातील आकाराने सर्वांत मोठा पक्षी होय. त्याची लांबी सुमारे २० सें.मी. व वजन ५० ग्रॅमच्या आसपास असते. पूर्ण वाढ झालेला नर काळसर जांभळ्या झळाळीचा दिसतो. त्यावरूनच हे नाव पडले आहे. हिवाळा ब्राझील व दक्षिण अमेरिकेच्या इतर भागांत घालवून हे पक्षी विणीसाठी उत्तरेकडे परततात. फ्लोरिडात पहिले पक्षी जानेवारीतच दिसू लागतात, तर कॅनडाच्या दक्षिण भागात पोहोचेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो.

या पक्ष्याचे वैशिष्ट्य त्याच्या रंगात किंवा प्रवासात नसून त्याच्या निवाऱ्यात आहे. रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेकडील मार्टिन आज जवळजवळ पूर्णतः माणसाने उभारलेल्या घरांतच वीण करतात. पक्षी रानटी, परंतु त्याचे घर मात्र माणसाच्या अंगणातील खांबावर, अशी ही विलक्षण अवस्था आहे. त्यामुळे राखीव जंगल, अभयारण्य किंवा वनरक्षक या रूढ संकल्पना येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. या पक्ष्याचे अभयारण्य म्हणजे एखाद्या कुटुंबाची परसबाग आणि रक्षक म्हणजे त्या घरातील गृहस्थ. अशा पालकांना तिकडे 'लँडलॉर्ड', म्हणजे घरमालक, असेच संबोधले जाते. भाडेकरू अर्थातच भाडे देत नाही. या वसाहतींवर स्टारलिंग या परकीय पक्ष्याचे आक्रमण कसे होते, ते रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणता आणि त्याच्या मर्यादा काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तुंब्यापासून पक्षिघरापर्यंत :

माणूस व मार्टिन यांचे साहचर्य युरोपीय वसाहतींपेक्षा जुने आहे. अलेक्झांडर विल्सन या पक्षितज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवून ठेवले आहे की, चॉक्टॉ व चिकसॉ जमातींचे लोक आपल्या झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाचा शेंडा छाटून फांद्यांची खुंटे ठेवत आणि त्यांवर पोखरलेले भोपळे मार्टिनसाठी टांगत. हा भोपळा म्हणजे आपल्याकडील तुंब्याचीच जात. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळाही याच वनस्पतीचा. पुढे गोऱ्या वसाहतकारांनी ही प्रथा उचलली व लाकडी, नंतर ॲल्युमिनियमची बहुखणी घरे उभी राहिली. दरम्यान सुतार पक्ष्यांनी कोरलेल्या ढोल्या असणारे जुने वृक्ष मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. माणसाने दिलेल्या घरात वाढलेली पिल्ले मोठी झाल्यावर तशाच घराचा शोध घेतात; परिणामी ढोलीची सवय पिढ्यान्‌पिढ्या मागे पडत गेली. पश्चिमेकडे मात्र काही मार्टिन अद्याप ढोलीतच राहतात, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात ते साग्वारो निवडुंगातील सुतार पक्ष्यांची छिद्रे वापरतात.

या प्रथेच्या प्रसारामागे एक गैरसमजही आहे. १९६०च्या दशकात इलिनॉय राज्यातील ग्रिग्सव्हिल या गावी मार्टिनच्या ॲल्युमिनियम घरांचा उद्योग भरभराटीला आला, तेव्हा एक मार्टिन दिवसाला २००० डास खातो असा प्रचार झाला. वस्तुतः हा पक्षी दिवसा आणि बऱ्याच उंचीवर शिकार करतो, तर डास मुख्यतः सांजवेळी व जमिनीलगत वावरतात. त्याच्या आहारात चतुर, भुंगे, उडत्या मुंग्या यांचा भरणा असून डास नगण्य असतात. असे असले तरी या प्रचारामुळे हजारो अंगणांत खांब रोवले गेले, हे नाकारता येत नाही.

स्टारलिंगचा प्रवेश :

स्टारलिंग (स्टर्नस व्हल्गॅरिस) हा आपल्या साळुंकीच्या कुळातील, मूळचा युरेशियातील पक्षी. युजीन शिफेलिन यांनी ६ मार्च १८९० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ६० व पुढील वर्षी आणखी ४० स्टारलिंग सोडले. शेक्सपिअरच्या नाटकांत उल्लेखिलेला प्रत्येक पक्षी अमेरिकेत आणण्याच्या हौसेपायी त्यांनी हे केले, अशी कथा अनेक पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. २०२१ मध्ये लॉरेन फ्यूगेट व जॉन मॅकनील मिलर यांनी या कथेस समकालीन पुरावा नसल्याचे दाखवून दिले आहे. परकीय प्राणी 'रुजवण्या'च्या तत्कालीन संघटित छंदाचा हा भाग होता, असे मानणे अधिक युक्त ठरते. काही दशकांतच हा पक्षी पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरला.

मार्टिन व स्टारलिंग यांची लांबी जवळपास सारखी असली तरी स्टारलिंग वजनाने बराच जड असतो. त्याच्या चोचीचे स्नायू चोच मिटण्यापेक्षा ती जोराने उघडण्यासाठी बळकट झालेले असतात. मातीत चोच खुपसून ती फाकवण्याची ही रचना भांडणातही उपयोगी पडते. त्याहून महत्त्वाचा घटक काळाचा आहे. स्टारलिंगपैकी पुष्कळ पक्षी हिवाळ्यात तेथेच राहतात व हिवाळा सरता सरताच पोकळ्या बळकावतात. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून मार्टिन पोहोचतो, तेव्हा घर आधीच व्यापलेले असते. उशिरा आलेला स्टारलिंगही वसाहतीत घुसून अंडी फोडतो, पिल्ले मारतो आणि प्रसंगी खणात कोंडलेल्या प्रौढ मार्टिनलाही ठार करतो. मार्टिन हंगामात सामान्यतः एकदाच वीण करतो, तर स्टारलिंग बहुधा दोनदा. त्यामुळे एका खणाची हानी मार्टिनला वर्षभर भरून काढता येत नाही.

येथे एका अभ्यासाची दखल घेणे आवश्यक आहे. वॉल्टर कोएनिग यांनी २००३ मध्ये ढोलीत राहणाऱ्या २७ स्थानिक प्रजातींच्या गणनांची तपासणी केली. सॅपसकर हे सुतार पक्षी वगळता, स्टारलिंगमुळे संख्या घटल्याचा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. या निष्कर्षाचा आधार घेऊन स्टारलिंगचा धोका अतिरंजित आहे असे म्हटले जाते. परंतु खंडव्यापी सरासरी व एका खांबावरील बारा खणांची वसाहत या दोन निराळ्या पातळ्या आहेत. प्रौढ मार्टिन वर्षानुवर्षे त्याच जागी परततात; तेथून ते उठले, तर ती वसाहत पुन्हा बसवणे अत्यंत कठीण जाते. स्थानिक पातळीवरील ही हानी सरासरीच्या आकड्यात दिसेलच असे नाही.

तीस मिलिमीटरचे द्वार :

पारंपरिक मार्टिनघराचे द्वार गोल व सुमारे ५.४ सें.मी. व्यासाचे असते. त्यातून दोन्ही पक्षी सहज जातात. द्वार लहान करून प्रश्न सुटत नाही, कारण रुंदीत दोघांत फारसा फरक नाही. फरक आहे तो छातीच्या खोलीत आणि पायांच्या लांबीत. मार्टिनचे पाय आखूड असून तो अंग चपटे करून जमिनीलगत सरकू शकतो. स्टारलिंगची छाती भरदार व पाय लांब असतात. १९८०च्या दशकात कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील मॉन्क्टन येथील एका हौशी वसाहतपालकाने या फरकाचा उपयोग करून अर्धचंद्राकृती द्वार तयार केले. त्याची रुंदी सुमारे ७.६ सें.मी. व उंची अवघी ३ सें.मी. असते.

या उपायाचे सारे यश मापाच्या काटेकोरपणावर अवलंबून आहे. उंची ३२ मि.मी. झाली की काही स्टारलिंग आत शिरतात. ती २८-२९ मि.मी.पर्यंत उतरली की काही मार्टिनच बाहेर राहतात. म्हणजे निर्णय एक-दोन मिलिमीटरांवर येतो. शिवाय द्वाराची खालची कड पुढच्या सज्जाच्या पातळीस जवळजवळ भिडलेली हवी. ती वर राहिली तर स्टारलिंगला अंग तिरपे करून घुसण्यास वाव मिळतो. लाकडी सज्जा पावसाने वाकला किंवा पत्रा सैल झाला, तरी हीच फट वाढते. म्हणून दरवर्षी हंगामापूर्वी माप पुन्हा घेणे हा देखभालीचा अनिवार्य भाग ठरतो.

अडचण मार्टिनच्या बाजूनेही आहे. गोल द्वाराची सवय असलेला पक्षी अर्धचंद्राकृती द्वाराशी प्रथम बिचकतो. सारी द्वारे एकाच दिवशी बदलल्यास नव्या वसाहतीतील पक्षी सोडून जाण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी काही खणांची द्वारे बदलावीत व पक्षी घरटे बांधू लागल्यावर उरलेली बदलावीत, असा सल्ला अनुभवी पालक देतात. अरुंद द्वारात पक्ष्याचा पंख अडकून तो दगावल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. द्वाराच्या आतील बाजूसही सपाट पाटी बसवल्यास हा धोका कमी होतो. १५ सें.मी. खोलीच्या जुन्या खणांऐवजी ३० सें.मी. खोलीचे खण वापरावेत, म्हणजे घुबडाचा पंजा घरट्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, हेही याच ओघात नमूद करावयास हवे.

पालकाची नित्यकर्मे आणि एक नैतिक पेच :

द्वार बसवून काम संपत नाही. मार्टिन येईपर्यंत खण बंद ठेवावे लागतात. नंतर पाच ते सात दिवसांनी घर खाली उतरवून तपासावे लागते. मार्टिनची अंडी पांढरी, स्टारलिंगची फिकट निळी आणि चिमणीची ठिपकेदार असतात. त्यामुळे ओळख पटण्यास वेळ लागत नाही. पिल्ले सुमारे २२ दिवसांची झाल्यावर मात्र तपासणी थांबवली जाते, अन्यथा ती घाबरून उडण्यायोग्य होण्याआधीच बाहेर उडी घेतात.

चिमणीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. १८५०च्या दशकाच्या आरंभी ब्रुकलिनमध्ये आणलेली घरचिमणी ३ सें.मी.च्या द्वारातून निर्वेधपणे जाते. तिच्यापुढे अर्धचंद्राकृती द्वाराचा काहीच उपयोग होत नाही. तिची घरटी पुनःपुन्हा काढणे किंवा सापळे लावणे एवढेच हाती राहते. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने मार्टिनला संरक्षण दिले असून स्टारलिंग व घरचिमणी परकीय असल्याने त्यातून वगळल्या आहेत. सापळ्यात सापडलेल्या पक्ष्याला मारण्याची कायद्याने मुभा आहे, पण एका पक्ष्यावरील प्रेमापोटी दुसऱ्याचा जीव घेणे प्रत्येक पालकास मानवतेच असे नाही. महाराष्ट्रात जिच्यासाठी खोक्यांची घरटी टांगली जातात, तीच चिमणी तेथे नकोशी आहे, याचे मराठी वाचकास नवल वाटेल. तथापि पक्ष्याचे उपद्रवमूल्य त्याच्या स्वभावापेक्षा स्थानावर अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाशी निगडित तज्ज्ञगटाने प्रसिद्ध केलेल्या, जगातील १०० अतिउपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत तीनच पक्षी आहेत. स्टारलिंगखेरीज उरलेले दोन म्हणजे आपल्या अंगणातील साळुंकी व लालबुड्या बुलबुल. शिवाय स्टारलिंगची युरोपातील संख्या घटत आहे आणि उत्तर अमेरिकेतही तो १९७० च्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आला आहे.

या दृष्टीने पाहता अर्धचंद्राकृती द्वाराचे मोल केवळ तांत्रिक नाही. स्टारलिंगपुरते तरी ते हत्येची गरज बरीच कमी करते. पक्ष्याला खण मिळत नाही, एवढेच घडते. त्याला ढोल्या, छपरांच्या वळचणी व दिव्यांचे खांब मोकळेच असतात. त्यामुळे सापळ्यांची भाषा करण्यापूर्वी द्वार बदलण्याचा आग्रह धरणे अधिक विवेकी ठरते.

खरी चिंता निराळीच आहे. या वसाहतींचे पालक बहुतांशी उतारवयाचे आहेत व पुढील पिढी हे काम उचलतेच असे नाही. घर विकले जाते, गृहस्थ आजारी पडतो, खांब मात्र अंगणात तसाच राहतो. गोल द्वारांचे असे बेवारस घर दोन-तीन हंगामांत स्टारलिंग व चिमण्यांच्या विणीचे केंद्र बनते आणि शेजारच्या सांभाळलेल्या वसाहतींनाही त्याची झळ पोहोचते. म्हणून ज्यास देखभाल शक्य नाही त्याने ते घर खाली उतरवून ठेवावे, आणि तेही जमत नसल्यास किमान सर्व खणांची द्वारे पक्की बुजवावीत, असे या क्षेत्रातील जाणकार सुचवतात.