नागोबाला नमस्कार, धामणीला काठी!

देवघरातला नागोबा आपल्याला चालतो. तोच पार्किंगमध्ये निघाला की पहिल्यांदा काठी आठवते! मागच्या पावसाळ्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये धामण निघाली. ‘म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते हो ही,’ असं ठासून सांगणारे काका चक्क बँकेतून रिटायर झालेले. सर्पमित्र येईपर्यंत सगळ्यांना थोपवताना माझा घसा बसला. धामण वाचली, गैरसमज मात्र तसाच राहिला.

तर आधी ती म्हैस सोडवूया. सापाला दूध चोखताच येत नाही. तो पक्का नॉनव्हेज! बिनविषारी धामण गोठ्यात येते ती उंदरांच्या मागावर. आपल्या ऊसपट्ट्यात तर ती शेतकऱ्याची बिनपगारी नोकर. नागपंचमीला वाटीतलं दूध पिणारा साप बहुधा कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो आणि ते दूध त्याला बाधतं. पुंगीवर तो डोलत नाही, तिच्या हालचालीवर नजर ठेवतो. आणि डूख धरणं? ते खातं हिंदी सिनेमाचं!

पण आजीच्या गोष्टी सगळ्याच टाकाऊ नाहीत हं. नांगराच्या फाळाने नागाची पिल्लं मेली, म्हणून नागपंचमीला नांगरायचं नाही, खणायचं नाही. बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात, त्याच दिवसांतला हा नियम. मला तर तो भलताच शहाणा वाटतो.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांच्या कथेमुळे जिवंत नाग पूजला जायचा, मिरवला जायचा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ते थांबलं. 2025 मध्ये केंद्राने 21 जणांना नाग पकडायची परवानगी दिली, पण शैक्षणिक कारणासाठी. ‘आम्ही नागाला जपतो,’ हे गावकऱ्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण पकडलेल्या नागाला कुणी विचारलंय?

एवढं लक्षात ठेवा
- नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे प्रमुख चार विषारी साप.
- साप दिसला तर लांब थांबा, सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करा.
- चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, थेट सीपीआर गाठा. विषावर प्रतिविष हाच उतारा.
- साप मारून पिशवीतून नेऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

यंदा पूजा मातीच्या नागाची करा. खऱ्याला फक्त वाट द्या!