नळाचा सांधा आणि शेजाऱ्याचे छत

शाबान संपत आला होता. घरात रमजानची साफसफाई चालू होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आवाजात तक्रार नव्हती. "तुमच्या न्हाणीघरात काही गळतंय का हो? आमच्या छताला ओल आलीय. पुढच्या महिन्यात सुनेचं डोहाळजेवण आहे, म्हणून विचारलं."

आम्ही खाली जाऊन पाहिले. ताटाएवढा डाग पडला होता आणि रंगाचे पोपडे सुटले होते. मान खाली गेली, कारण गळती आम्हाला दोन महिन्यांपासून ठाऊक होती. अम्मी ज्या खालच्या नळावर वजू करतात, त्याच्या मागून भिंतीलगत थेंब येत. आम्ही तिथे फडके गुंडाळून मोकळे झालो होतो.

त्या दिवशी फडके सोडून नळाला दोरा बांधला आणि त्याचे टोक बाटलीत सोडले. चार तासांत एक लिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला ६ लिटर, महिन्याला १८०. भिंतीत मुरले ते वेगळेच. वजूतही पाण्याचा इसराफ करू नये, नदीकाठी बसला असाल तरी, हे आम्ही मुलांना शिकवत होतो. आणि आमचाच नळ शेजाऱ्याचे छत भिजवत होता.

प्लंबरने आठ दिवसांनंतरची वेळ दिली. मग हे काम आम्हीच हाती घेतले. दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमले. ते का फसले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

गळती नेमकी कुठली?

आधी नळ फडक्याने कोरडा करा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर टेकवा. तोटीतून थेंब पडत असेल, तर आतला वायसर झिजलेला असतो. मुठीखालून पाणी येत असेल, तर तिथले पॅकिंग गेलेले असते. नळ जिथे भिंतीत शिरतो तिथे कागद भिजला, तर आट्यांचा सांधा सुटला आहे. आमचा दोष हा तिसरा होता.

दोन चुका

पहिल्यांदा आम्ही बाहेरून लांबी लेपली. एका रात्रीत ती सुटली. पाणी आतून दाब देत असते आणि ओल्या धातूवर लांबी धरत नाही. सांधा आतून बंद व्हावा लागतो.

दुसऱ्यांदा टेफ्लॉन टेप आणली. अर्धा इंची नळाला एका इंचात १४ आटे असतात. धातूत धातू कितीही घट्ट बसवला, तरी आट्यांच्या कडेने गोल फिरत जाणारी बारीक फट उरते आणि पाणी त्याच वाटेने बाहेर येते. टेप ती फट भरते. ती चिकटपट्टी नव्हे, तिला गोंद नसतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला टेफ्लॉन हा पदार्थ योगायोगाने सापडला. त्याचा निसरडेपणा इथे कामी येतो, आटे सहज आत सरकतात. आम्ही मात्र टेप उलट्या दिशेने गुंडाळली. नळ फिरवताच ती गोळा होऊन बाहेर आली. त्यात भर म्हणजे तोटी वाकडी राहिली, म्हणून नळ थोडा मागे फिरवला. मागे फिरवला की बसलेली टेप सैल होते आणि सांधा गेलाच समजा.

तिसऱ्यांदा जमले ते असे

टाकीचा व्हॉल्व बंद केला आणि खालचा नळ उघडून पाईप रिकामा केला. नळ काढून दोन्हीकडच्या आट्यांतली जुनी टेप दाभण आणि जुन्या दातब्रशने साफ केली. बॅटरीच्या उजेडात आतल्या एल्बोला तडा नाही ना, हे पाहिले. तडा असेल, तर टेपने काही होत नाही, एल्बोच बदलावा लागतो.

मग टेप न लावता नळ बसवून तोटी कुठे थांबते ते पाहिले. नळ काढून आट्यांचे तोंड आपल्याकडे धरले आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टेप ताणून गुंडाळली. पहिला आटा मोकळा सोडला, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. आमच्या नळाला पातळ टेपचे आठ वेढे लागले.

नळ आधी हाताने फिरवला. शेवटी हाताला जड लागू लागला, तेव्हा वर फडके धरून पान्ह्याने हळूहळू आवळला. तोटी सरळ खाली आली, तिथे थांबलो. घट्ट न होताच तोटी पुढे जात असेल, तर नळ काढून नवी टेप थोडे वेढे वाढवून लावा. अलीकडेच अडकत असेल, तर वेढे कमी करा. जोर लावू नका. सीपीव्हीसी एल्बोत पितळी आटे असले, तरी भोवतालचे प्लॅस्टिक फुटू शकते.

टेप सगळीकडे नको

बेसिनच्या किंवा गिझरच्या लवचीक नळीला आत रबरी वायसर असतो. पाणी तोच अडवतो. तिथे टेप गुंडाळू नका. जुना वायसर बदला आणि नट बेताने आवळा. गिझरला हात लावण्यापूर्वी वीज बंद करा.

सीपीव्हीसी पाईप जोडताना सोल्यूशनही सीपीव्हीसीचेच घ्या. पाईप काटकोनात कापा, कडेची कीस काढा आणि जोड कोरडा पुसा. पाईपला बाहेरून आणि फिटिंगला आतून सोल्यूशन लावा, पाव फेरा फिरवत पाईप शेवटपर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यावर लिहिलेला वेळ संपल्याशिवाय पाणी सोडू नका. हे सोल्यूशन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास शेगडी नको.

गॅसची नळी, मीटरच्या आधीची लाईन आणि भिंतीत गाडलेला फुटका पाईप यांना मात्र हात लावू नका. ते जाणकाराचेच काम.

कोरडा कागद

रात्री व्हॉल्व हळूहळू उघडला. फजरच्या वेळी अम्मींनीच नळामागे कागद फिरवला. कोरडा निघाला. अल्हम्दुलिल्लाह!

खालचा डाग सुकायला तीन आठवडे लागले. रंगाचे पैसे काकू घेईनात. मग एका रविवारी आम्हीच डबा-ब्रश घेऊन खाली गेलो आणि छत रंगवून दिले. डोहाळजेवण त्याच छताखाली झाले. अम्मी आणि आम्ही सगळे त्या पंगतीला होतो.

आता दर महिन्याला चाँद दिसला की आम्ही घरातल्या सगळ्या नळांमागे एकदा कागद फिरवतो. पाच मिनिटांचे काम आहे. काकूंना पुन्हा जिना चढून विचारायला यावे लागू नये, एवढ्यासाठी.