स्वप्नात येऊन काम सांगणाऱ्या

कळंबा आता कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटला आहे. गारगोटी रस्त्यावर कारागृहाची भिंत, जवळच तलाव, पुढे कात्यायनीचा डोंगर आणि मधल्या माळावर कॉलन्याच कॉलन्या. या कॉलन्यांतही बाळाच्या पाचवी-सहावीला पाटा-वरवंटा पुजला जातो, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं जातं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. तिचा संबंध तेवढ्यावर तुटत नाही. झोपेत बाळ गालात हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवतीया. मध्येच ओठ काढून रडलं तर सटवाई रडवतीया. बोलता न येणाऱ्या जिवाच्या झोपेत शिरून त्याच्याशी खेळणारी ही बाई मराठी अद्भुतकथेत अजून म्हणावी तशी आलेली नाही, याची मला खंत वाटते.

बाहेरच्या लेखकांनी आपापल्या आज्यांचं ऐकलं. जर्मन लेखक होफमान याने १८१६ मध्ये मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकणाऱ्या माणसाची भयकथा केली. डेन्मार्कच्या हान्स अँडरसनचा, मुलांना झोपवणारा ओले लुकोये १८४१ मधला; तो शहाण्या मुलांवर चित्रांची छत्री उघडतो, खोडकरांवर कोरी. नील गेमनने १९८९ पासून ‘सँडमॅन’ या चित्रकथामालिकेत त्याच वाळूवाल्याच्या नावाखाली स्वप्नांच्या राज्याचा अधिपती उभा केला.

आपल्याकडची सामग्री याहून जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात स्वप्नालाच उद्देशून एक सूक्त आहे. तिथे स्वप्न धड जिवंत नाही, धड मेलेलंही नाही. वरुणानी त्याची आई, यम त्याचा बाप, अररु त्याचं नाव. नवरात्रात वाचल्या जाणाऱ्या सप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात योगनिद्रा ही देवी विष्णूच्या डोळ्यांत मुक्काम करून असते. मधु-कैटभ ब्रह्मदेवाला मारायला धावतात, ब्रह्मदेव विष्णूची नव्हे, त्या निद्रेची विनवणी करतो, आणि ती डोळ्यांतून, मुखातून, छातीतून बाहेर पडते तेव्हा कुठे विष्णू जागा होतो. पुराणकथेतल्या उषेला स्वप्नात अनिरुद्ध दिसतो. तो कोण, हे शोधायला तिची सखी चित्रलेखा एकामागून एक पुरुषांची चित्रं काढत जाते. स्वप्नातल्या चेहऱ्याचा असा तपास आजच्या रहस्यकथेलाही शोभेल.

पण कोल्हापूरचा खरा ठेवा वेगळा आहे. इथे स्वप्नात येणारी व्यक्ती रिझवायला येत नाही, काम सांगायला येते. आक्रमणाच्या भीतीने अंबाबाईची मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवलेली होती. नरहर भट सांगवकरांना देवीने स्वप्नात दृष्टांत दिला, त्यांनी तो पन्हाळ्याला कोल्हापूरच्या गादीवरील छत्रपती संभाजी महाराजांच्या कानी घातला, आणि सिधोजी हिंदुराव घोरपड्यांच्या हातून १७१५ च्या विजयादशमीला मूर्ती पुन्हा देवळात बसली, असं परंपरा सांगते. स्वप्न पडलं एकाला; पण ते दरबारात सांगावं लागलं, तिथे पटावं लागलं, सरदाराला हुकूम सुटावा लागला.

त्याही आधीची गोष्ट संत बहिणाबाईंची, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. देवगावची ही मुलगी नवरा गंगाधर पाठक आणि आईवडिलांबरोबर कोल्हापुरात राहत होती. जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती वासरू घेऊन जाई. कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडत. स्वामींनी वासराच्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढ्या कारणावरून नवऱ्याने तिला बांधून मारलं. गाय-वासराने चारा सोडला, वासरू मेलं, आणि तीही बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवून मंत्र देऊन गेले. तिथी तिने स्वतः नोंदवली आहे: कार्तिक वद्य पंचमी, रविवार; साल शके १५६९ मानलं जातं. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते, तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं. ब्राह्मण घरातल्या सुनेने शूद्र मानलेल्या माणसाला गुरू करावं, ही गोष्ट दिवसाउजेडी कुणी होऊ दिली नसती. झोपेत ती झाली आणि एकदा मिळालेला मंत्र परत घेणं कुणाच्या हाती नव्हतं. नवरा घर सोडून निघाला, आजारी पडला, मग वळला. पुढे सगळे देहूला गेले, तेव्हा स्वप्नातला माणूस तिने तिथे जागेपणी ओळखला.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी गूढकथेची वाट रुंद केली. नव्या लेखकांचं लक्ष मात्र मला अशा स्वप्नानंतरच्या सकाळकडे वळवायचं आहे. दृष्टांत देणारी निघून गेलेली असते, अंथरुणात उठून बसलेल्या माणसापाशी पुरावा काही नसतो आणि काम तर टळणारं नसतं. राक्षस, जादूची तलवार, उडता घोडा यांपैकी काही नसलं तरी चालेल.

कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेले आहेत. दिवसभर लाडू वळून झोपलेल्या एखाद्याच्या स्वप्नात ती आली आणि भिंतीबाहेरचं एखादं काम सांगून गेली, तर सकाळी गिनतीला उभा राहिल्यावर तो ते कुणाला सांगेल? तिथून कुणीतरी लिहायला घ्यावं.